हणजूणच्या बाजारात ‘चंद्रावर जाऊन आलेलं’ अपोलो ११ चं पदक ४ हजारांना मिळतंय, घेऊ का? गोव्यात राहून अशी पदकं जमवता येतात का?

घेऊ नका. निदान त्या समजुतीने तरी नको. पदक आवडलं असेल तर चारशेपर्यंत आणा आणि खुशाल घ्या.

मी म्हापशाचा. बरीच वर्षं हा नाद आहे. घरी त्याला ‘बाबांचे बिल्ले’ म्हणतात.

यानातून खरंच जाऊन आलेली पदकं असतात. १९६८ च्या अपोलो ७ पासून मॅसॅच्युसेट्समधली रॉबिन्स कंपनी अंतराळवीरांसाठी स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध) चांदीची पदकं पाडायची आणि ती यानातून नेली जायची. अपोलो ११ सोबत अशी साधारण साडेचारशे गेली. प्रत्येकावर क्रमांक असतो, आणि बाजारात एखादं आलंच तर बोली हजारो डॉलरांत जाते. ते बुधवारच्या बाजारात चादरीवर पडून राहणार नाही. अशा पदकासोबत ते कुठल्या अंतराळवीराकडून आलं हे सांगणारं, तोच क्रमांक नोंदवलेलं सहीचं पत्र असेल तर खरी किंमत. चांदीचे पैसे त्यात किरकोळ.

दुसरा प्रकार जास्त गमतीचा. अपोलो ११ च्या कोलंबिया आणि ईगल या यानांचा थोडा धातू मिसळून नासाने पदकं काढली आणि मोहिमेसाठी राबलेल्या कर्मचाऱ्यांना वाटली. तसं मागच्या बाजूला लिहिलेलंही असतं. घागरभर पाण्यात पळीभर गंगाजल, तसा हा मामला. खोटं काहीच नाही, पण पळी किती ते विचारायचं. फ्रँकलिन मिंट या अमेरिकेतल्या खाजगी टांकसाळीने तर १९७१ मध्ये अपोलो १४ सोबत गेलेल्या चांदीच्या पदकांपैकी काही वितळवून साध्या चांदीत मिसळली आणि त्यातून ढीगभर छोटी पदकं पाडली. विकणारा आज त्यालाही ‘चंद्राची चांदी’ म्हणतो.

उरलेली सगळी जमिनीवरचीच. तुम्हाला दाखवलेलं बहुधा त्यातलंच. मोहिमेचं चिन्ह आहे म्हणजे ते मोहिमेवर गेलं होतं असं नव्हे. पण माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, आणि गोव्यात तर रशियन बाजूने. मोरजी-हरमलकडे रशियन लोक येतात, त्यांच्याबरोबर आजोबांच्या खणातल्या वस्तूही येतात. माझं पहिलं नाणं असंच हणजूणला एका रशियन बाईंकडून घेतलं. अंतराळात गेलेला पहिला माणूस गागारीन, त्याच्या उड्डाणाला २० वर्षं झाली म्हणून काढलेला १९८१ चा एक रूबल. बाई म्हणाल्या चांदीचं आहे. मी शुक्रवारी बाजारातल्या सोनारशेटांकडे नेलं. त्यांनी बोटांत फिरवलं, काट्यावर ठेवलं, १२.८ ग्रॅम, आणि कसोटीचा दगड न काढताच म्हणाले, “हें रुपें न्हय.” बरोबर होतं, तांबं-निकेलच. पण वजन आणि ३१ मिलिमीटर व्यास दोन्ही जुळले, म्हणजे नाणं अस्सल! चांदी नाही म्हणून मला वाईट वाटलं नाही, शेटांना मात्र वाटलं. त्याच्या जोडीचा, अंतराळात गेलेली पहिली बाई तेरेश्कोवा हिचा रूबल १९८३ चा, तोही शोधा. दोन्ही स्वस्तात मिळतात.

मग राकेश शर्मा. ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ या सोव्हिएत यानातून सॅल्यूत ७ या अंतराळस्थानकाकडे गेले. आपल्या टपाल खात्याने त्यावर ३ रुपयांचं तिकीट काढलं होतं. पदक नाही ते, पण माझ्या डब्यात त्याला जागा आहे.

आता जपणुकीचं, कारण गोव्यात पदकं चोरापेक्षा पावसाळ्यात जास्त जातात. नाण्यांचे ते मऊ प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका. माझा एका जुलैत उघडला तर तांबं-निकेलच्या नाण्यांवर हिरवा, चिकट थर. ते प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, उष्णतेत आणि दमटपणात त्यातून आम्ल सुटतं आणि धातू खातं. कडक पारदर्शक डब्या घ्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मी हवाबंद स्टीलच्या डब्यात ठेवतो, चकल्यांच्या.

आणि घासू नका. एका चवथीला आईने समया काढल्या, तेव्हा टेबलावर ठेवायचं एक जाडजूड सोव्हिएत पदकही चिंचेला लावलं. दुपारी मी घरी आलो तर ते समयांच्या रांगेत ऊन खात लखलखत होतं. चाळीस वर्षांत चढलेली तपकिरी झाक गेली, गागारीनच्या भुवया गेल्या. आई म्हणाली, “बघ, आता कसं दिसतंय!” मी काय बोलणार. ते अजून देवघराशेजारच्या फळीवर आहे, विकायला काढलं तर कोणी घेणार नाही.

तुम्हाला दाखवलेल्या पदकाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, कडेचाही. क्रमांक आणि ‘स्टर्लिंग’ हा शिक्का आहे का, एवढं आधी बघू.