वयोवृद्धी नव्हे, वयोहानी : जरा, जिरणे आणि जुन्या होणाऱ्या पेशी

एका वाचकाने विचारले आहे : “मेंदू आणि दृष्टिपटल यांच्या पेशी वयानुसार कशा बदलतात, या विषयावरील व्याख्यानात वक्ते सतत ‘पेशींची वयोवृद्धी’ असे म्हणत होते. छापील लेखांत मात्र ‘वृद्धत्व’, ‘वार्धक्य’, ‘जरा’ असे निरनिराळे शब्द दिसतात. इंग्रजी ‘एजिंग’साठी यांतला कोणता शब्द योग्य? आणि ‘एपिजेनेटिक’ला मराठीत काय म्हणावे?”

‘वयोवृद्धी’ हा शब्द या अर्थाने साफ चुकीचा आहे, आणि तो वारंवार कानावर पडत असल्यामुळे त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. मराठीत ‘वृद्धी’ म्हणजे वाढ. जीवशास्त्रात ‘पेशींची वृद्धी’ म्हटले की पेशी विभागून त्यांची संख्या वाढणे किंवा त्यांचे आकारमान वाढणे हाच अर्थ वाचकाच्या मनात येतो. मेंदूतील चेतापेशी आणि दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी तर एकदा तयार झाल्या की विभाजन पावत नाहीत. त्यांना जन्मभर तेवढ्याच भांडवलावर संसार करावा लागतो. ज्यांची वृद्धी होतच नाही त्यांच्या झिजण्याला वृद्धी म्हणायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला नेमक्या उलट दिशेने पाठवायचे.

माणसाबद्दल बोलताना ‘वृद्धत्व’, ‘वार्धक्य’, ‘म्हातारपण’ हे शब्द उत्तम आहेत आणि त्यांच्यावर जास्त वेळ घालवण्याची गरज नाही. एवढेच लक्षात ठेवावे की हे शब्द मुळात मानाचे आहेत. ‘वृद्ध’ म्हणजे वाढलेला, मोठा झालेला. ‘म्हातारा’ हा ‘महत्तर’ या संस्कृत शब्दावरून आला, म्हणजे तोही ‘अधिक मोठा’ असाच. घरात आणि समाजात माणसाचे स्थान वयानुसार वाढते, हे त्यांच्या पोटात आहे. पेशीला असले स्थान नसते, म्हणून पेशीसाठी दुसरा शब्द हवा. आणि तो आपल्याकडे फार जुन्या काळापासून आहे.

पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, ‘जॄष् वयोहानौ’ अशी नोंद आहे. ‘जॄ’ हा धातू ‘वयोहानी’ या अर्थी वापरावा, असे ती सांगते. ‘वय’ म्हणजे सरलेल्या वर्षांचा आकडा, असे आपण आज धरून चालतो. पण ‘वयस्’ या शब्दाचा जुना अर्थ जोम, शक्ती, तारुण्य असा आहे. मराठीत तो अर्थ अजून पुरता मेलेला नाही, कारण ‘मुलगी वयात आली’ आणि ‘आजोबांचे आता वय झाले’ या दोन वाक्यांत एकच शब्द दोन टोकांना उभा आहे, आणि पहिल्या वाक्यातला ‘वय’ हा वैदिक ‘वयस्’चा थेट वारस आहे. त्या जोमाची हानी म्हणजे ‘वयोहानी’. वैयाकरणांनी दोन शब्दांत जी व्याख्या करून ठेवली, तिच्या बरोबर विरुद्ध शब्द आज शास्त्रीय व्याख्यानांत रूढ होत आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या धातूचे कुटुंब पाहिले की हा शब्द किती नेमका आहे ते उमगते. जरा, जरठ, जर्जर आणि जीर्ण ही तर उघड भावंडे आहेत. ‘जुना’ हा आपला रोजचा शब्द ‘जूर्ण’वरून, प्राकृतातल्या ‘जुण्ण’मार्गे आला. आणि ज्या नात्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते म्हणजे ‘जिरणे’. संस्कृत ‘जीर्यति’ याचे दोन अर्थ आहेत : ‘झिजतो, जुना होतो’ हा एक, आणि ‘पचतो’ हा दुसरा. मराठीने दुसरा अर्थ ‘जिरणे’ या क्रियापदात जपला. अन्न जिरते, पाणी जमिनीत जिरते, कुणाची मस्ती जिरते. ज्याचे अन्न जिरले नाही त्याला अजीर्ण झाले असे आपण म्हणतो, आणि फाटायला आलेल्या वस्त्राला जीर्ण म्हणतो. पचन आणि झीज यांना एकाच धातूत बसवणाऱ्या भाषेने पेशीच्या म्हातारपणाची एक मोठी बाजू आधीच नोंदवून ठेवली आहे, असे मी मानतो. आणि हे केवळ कविकल्पना म्हणून म्हणत नाही.

दृष्टिपटलाचेच पाहा. काही लेखक त्याला जालपटल म्हणतात, कारण ‘रेटिना’ हे नाव लॅटिनमधल्या ‘जाळे’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, ते असो. गर्भात दृष्टिपटल मेंदूच्याच पुढच्या भागातून उगवते, म्हणून मेंदूच्या जरेचा अभ्यास करणारे त्याच्याकडे इतक्या उत्सुकतेने पाहतात : मेंदूचा हा एक भाग बाहुलीतून थेट पाहता येतो. त्यातील दंडपेशी या प्रकाशग्राही पेशींच्या टोकाशी प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांची चळत असते. १९६७ साली रिचर्ड यंग यांनी किरणोत्सारी अमिनो आम्लांचा माग काढून दाखवले की ही चळत स्थिर नसते. तळाशी नव्या चकत्या बनत राहतात, जुन्या वर सरकत जातात, आणि सस्तन प्राण्यांत साधारण दहा दिवसांत सगळी चळत बदलते. टोकाचा झडलेला भाग, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा, लगतच्या रंजकपेशींचा थर रोज गिळतो; दंडपेशींची ही झड सकाळी उजेड झाल्यानंतर लवकरच सर्वांत जास्त असते. एकेका रंजकपेशीच्या वाट्याला अशा कितीतरी प्रकाशग्राही पेशी येतात, आणि प्रौढ वयात रंजकपेशी स्वतः सहसा विभागत नाहीत. म्हणजे तीच पेशी, तोच घास, रोज, पन्नास-साठ वर्षे.

यातले बहुतेक सगळे जिरते, पण सगळे नाही. जीवनसत्त्व अ-पासून बनलेल्या रेणूंच्या काही जोड्या अशा घट्ट बांधल्या जातात की पेशीतील विकरांना त्या तोडता येत नाहीत. त्यांचा पिवळसर-तपकिरी साठा पेशीत साचत जातो आणि निळा प्रकाश पाडला असता तो स्वतः चमकतो. त्याला लिपोफ्युसिन म्हणतात. मेंदूतील चेतापेशींतही वयानुसार लिपोफ्युसिन साचते, फक्त तिथल्या साठ्याची रासायनिक घडण वेगळी असते. विभागणाऱ्या पेशीचा साठा दोन लेकींत वाटला जाऊन विरळ होतो. न विभागणाऱ्या पेशीला तशी सोय नाही. त्या पेशींत वृद्धी नाही, म्हणूनच त्यांच्यात हे अजीर्ण साठते, आणि या एका वाक्यावर ‘वयोवृद्धी’चा खटला निकालात निघायला हरकत नाही.

पेशीत हे पचन ज्या पिशव्यांत होते त्यांना मराठी पाठ्यपुस्तकांत ‘लयकारिका’ असा सुरेख शब्द आहे. त्या १९५५ साली क्रिस्टियान द ड्यूव्ह यांनी ओळखल्या. पेशी स्वतःचेच मोडके भाग गिळून या पिशव्यांत नेते त्या क्रियेला स्वभक्षण म्हणतात, आणि वय वाढते तसे तेही मंदावते. निकामी तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) आणि चुकीच्या घड्या पडलेली प्रथिने वेळेवर उचलली जात नाहीत, आणि चेतापेशीसारख्या लांबलचक पेशीला, जिचा कचरा दूरच्या टोकापासून मुख्य देहापर्यंत वाहून आणावा लागतो, हा विलंब फार जड जातो.

आता आणखी एक योगायोग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘जेरॉन्टॉलॉजी’ हा शब्द १९०३ साली एली मेचनिकॉफ यांनी घडवला. त्यातला ग्रीक ‘गेरोन्त्’ आणि संस्कृत ‘जरन्त्’ हे ध्वनीने आणि अर्थाने एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. हेच मेचनिकॉफ भक्षिपेशींचे संशोधक होते. पेशी परक्या कणांना गिळतात आणि जिरवतात, हे दाखवण्याबद्दलच त्यांना १९०८ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. म्हातारपणी भक्षिपेशी मेंदूतील चेतापेशींनाच खाऊ लागतात, असे त्यांचे मत होते. ते मत जसेच्या तसे टिकले नाही. निरोगी वार्धक्यात मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींची संख्या पूर्वी समजत होते तेवढी घटत नाही. मुख्यतः बदलतात ते त्यांचे आपसांतील जोड. पण जरेचा विचार पचनाच्या अंगाने करणारा आधुनिक शास्त्रज्ञ आणि या शास्त्राचे नाव ‘जॄ’च्या ग्रीक भावंडावरून ठेवणारा माणूस एकच असावा, ही गोष्ट मला अतिशय आनंद देते.

काही व्युत्पत्तिकार ‘जठर’ही याच धातूखाली आणतात. अर्थ इतका सोयीचा जुळतो की मोह होणारच. पण मला ते मान्य नाही. ‘जठर’चा जुना अर्थ पोट आणि गर्भाशय असा आहे, आणि तुलनात्मक भाषाशास्त्र त्याचे नाते गॉथिक भाषेतील गर्भाशयवाचक शब्दाशी जोडते. माझ्या सिद्धान्ताला तो शब्द पूरक ठरला असता, तरी पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो आहे.

‘जरा’ शब्दाला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र वाजवी आहे. मराठीत ‘जरा’ म्हणजे ‘थोडे’ असाही शब्द आहे. तो अरबीतील ‘कण’ या अर्थाच्या ‘ज़र्रा’ शब्दावरून फारसी-उर्दूमार्गे आला आणि बोलण्यात तोच हजार पटींनी जास्त येतो. ‘मेंदूतील जरा प्रक्रिया’ असे छापले तर वाचक अडखळणार. पण यावर उपाय म्हणून ‘वयोवृद्धी’कडे पळण्याचे कारण नाही. ‘पेशीजरा’ असा समास करावा, क्रिया सांगायची असेल तेव्हा ‘जरण’ म्हणावे, आणि साध्या गद्यात ‘पेशी जीर्ण होतात’ असे सरळ लिहावे. वाग्भटाने आयुर्वेदाची आठ अंगे मोजताना रसायनाच्या, म्हणजे म्हातारपण लांबवणाऱ्या उपचारांच्या, अंगाला ‘जरा’ एवढेच नाव दिले आहे, म्हणजे शास्त्रीय लेखनात हा शब्द उपरा नाही. जे ‘ऱ्हास’ सुचवतात त्यांच्याशीही माझे पटत नाही, कारण ऱ्हास ही रोगाची भाषा आहे. पीतबिंदूचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, ऱ्हास हा विकार आहे, तो सगळ्यांना होत नाही; जरा मात्र कुणाला चुकत नाही.

लॅटिन ‘सेनेक्स’, म्हणजे म्हातारा, आणि त्यावरून बनलेला ‘सेनेसन्स’ यांचे संस्कृत भावंड ‘सन’ असे आहे. त्याच घरातून आपल्याकडे ‘सनातन’ आला, ज्याचा अर्थ कधीही जीर्ण न होणारे. त्यामुळे विभाजन थांबलेल्या पेशीच्या ‘सेनेसन्स’साठी मूळ धातू शोधत बसण्यात काही हशील नाही. तिथे ‘विभाजनबंद पेशी’ असे सरळ म्हणावे.

आता ‘एपिजेनेटिक’. हा शब्द १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी वापरात आणला आणि त्यांच्या मनात ‘एपिजेनेसिस’, म्हणजे गर्भाची टप्प्याटप्प्याने होणारी घडण, ही जुनी कल्पना होती. ‘जनुकांच्या वर’ हा अर्थ नंतर चिकटला, पण आज शास्त्रज्ञ तोच गृहीत धरतात, म्हणून ‘अधिजनुकीय’ हा शब्द मला योग्य वाटतो. ‘परजनुकीय’ लिहिणाऱ्यांनी कृपा करून थांबावे, कारण ‘पर’ म्हणजे दुसऱ्याचा, आणि दुसऱ्या जिवाचे जनुक घातलेल्या प्राण्यासाठी तो शब्द राखून ठेवायला हवा. ‘वयानुसार जनुके बदलतात’ हे वाक्य तर सर्वांत जास्त दिशाभूल करते. अधिजनुकीय बदलात डीएनएची अक्षरे तीच राहतात. सायटोसिन या अक्षराला मिथाइल गटाची बारीक खूण चिकटते किंवा सुटते, आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणा बदलतात. मजकूर तोच, पण कुठली ओळ वाचायची आणि कुठली गाळायची याच्या खुणा विस्कटतात.

या खुणा इतक्या नेमाने सरकतात की २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागा तपासून शरीरातील निरनिराळ्या ऊतींचे वय अंदाजता येते, असे दाखवले. २०१५ साली त्याच पद्धतीने मेंदू तपासला तेव्हा अनुमस्तिष्काचे, म्हणजे मागच्या बाजूच्या लहान मेंदूचे, घड्याळ बाकीच्या भागांपेक्षा हळू चालते असे आढळले. वयाबरोबर ज्या जागांवर मिथाइल खुणा सर्वांत ठळकपणे वाढतात त्यांपैकी एक ‘एलोव्हल-२’ या जनुकाच्या सुरुवातीला आहे. हे जनुक डीएचए हे मेदाम्ल बनवण्यात कामी येते, आणि डीएचए दंडपेशींच्या त्याच चकत्यांमध्ये व मेंदूतील चेतापेशींच्या पटलांत भरपूर असते. २०२० साली उंदरांवरील अभ्यासात दिसले की वयानुसार दृष्टिपटलात या जनुकावरच्या खुणा वाढतात, त्याचे काम मंदावते आणि नजर मंद होते. खुणा कमी करणारे औषध डोळ्यात दिल्यावर म्हाताऱ्या उंदरांची दृष्टी सुधारली.

त्याच वर्षी युआनचेंग लू, डेव्हिड सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दृष्टिपटलातील गुच्छिका पेशींत, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींत, तीन जनुके सोडली. २००६ साली शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशीला मूलपेशी बनवण्यासाठी जी चार वापरली होती, त्यांपैकी कर्करोगाशी घट्ट निगडित असलेले एक गाळून उरलेली ती तीन. मेंदूकडे जाणारी चिरडलेली चेता पुन्हा वाढू लागली, आणि काचबिंदूसारखी अवस्था असलेल्या उंदरांची व म्हाताऱ्या उंदरांची दृष्टी काही प्रमाणात परत आली. मिथाइल खुणा तरुण वयाच्या मांडणीकडे वळल्या, आणि त्या खुणा काढणारी विकरे रोखली तर हा परिणाम होत नव्हता. या क्रियेला ‘रिप्रोग्रॅमिंग’चे भाषांतर म्हणून ‘पुनर्प्रोग्रामन’ असे काहीतरी छापले जाते. मूळ बांधणी तशीच ठेवून, दगड न बदलता, वास्तू पुन्हा कामाची करण्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो, आणि तोही ‘जॄ’च्याच घरातला शब्द आहे.