‘दासी’ म्हणावं की ‘बटीक’?

प्रश्न (खानापूर): मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (1985) या कादंबरीवर वाचनालयात बोलायचं आहे. ‘हँडमेड’ला मराठीत काय म्हणावं? ‘दासी’ म्हटलं की इथं सगळ्यांना सौंदत्तीच आठवते.

उत्तर: आठवणारच. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराच्या पंचक्रोशीत ‘दासी’ म्हटलं की आधी ‘देव’ ऐकू येतो. पण तिथली चाल वेगळी. मुत्तू (गळ्यातली मण्यांची माळ) बांधून मुलगी देवाला सोडायचे (कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं बंदी आली). हे ‘सोडणं’ही अजबच. वळू सोडला की मोकळा होतो, मुलगी सोडली की कायमची बांधली जाते. कादंबरीतली बाई मात्र देवाच्या नव्हे, एका अधिकाऱ्याच्या घरी नेमून दिलेली. तिनं मूल जन्माला घालायचं, ते त्या घरच्या बायकोचं ठरतं आणि हिची रवानगी पुढच्या घरी.

अर्थानं सर्वांत जवळचा शब्द ‘बटीक’. पेशवाईच्या कागदांत ‘कुणबीण’ही याच अर्थानं येते, पण आज ऐकणारा जात समजेल. ‘सेविका’ थेट अंगणवाडीत नेते, ‘परिचारिका’ दवाखान्यात.

तरीही मी ‘दासी’च ठेवीन. बायबलातल्या उत्पत्तीच्या 30 व्या अध्यायात राहेल मुलासाठी आपली दासी बिल्हा नवऱ्याला देते. मराठी बायबलातही शब्द ‘दासी’च आहे आणि कादंबरीतल्या गिलादच्या राजवटीनं आपला दाखला तिथूनच उचलला आहे. धर्माच्या नावानं चालणारं सरकार फर्मानात ‘बटीक’ कशाला लिहील? तेव्हा फर्मानं, प्रार्थना, शिकवण यांत ‘दासी’, आणि निवेदिका स्वतःशी बोलते तिथं ‘बटीक’. शिकवण देणाऱ्या ‘आँट’ना ‘मावशी’ नको, तिच्यात माया फार, ‘आत्याबाई’ शोभेल.

एक घोटाळा हमखास होईल. ‘दासी’ म्हणजे धुणीभांडी करणारी असं श्रोते धरतील. ते काम ‘मार्थां’चं. म्हणून सुरुवातीलाच कपड्यांचे रंग सांगून टाका: दासी लाल, बायका निळ्या, मार्था हिरव्या.

आता निवेदिकेचं नाव. ‘ऑफ्रेड’ म्हणजे ‘ऑफ फ्रेड’, फ्रेड हा तिचा अधिकारी. इथं मराठी इंग्रजीच्या पुढं जाते, कारण ‘फ्रेडची’ म्हटल्याबरोबर मालकी कळते आणि बाई आहे हेही कळतं. ‘पाटलाची आली का?’ असं गावात आपण विचारतोच. जनाबाईही ‘नामयाची’ म्हणवून घेते, पण पुढं ‘जनी’ उरते. इथं पुढं काही उरत नाही: एक ‘ग्लेनची’ (ऑफग्लेन) नाहीशी होते आणि तिच्या जागी दुसरी येऊन मीच ‘ग्लेनची’ म्हणते. म्हणून ‘फ्रेडची दासी’ असं लिहू नका. ‘फ्रेडचीनं’, ‘फ्रेडचीला’ असंच चालवा.