मार खाऊन ती पुन्हा त्याच घरी का जाते?

प्रश्न : मी ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला परिचारिका आहे. नवऱ्याने मारलेल्या ॲबोरिजिनल (इथल्या मूळनिवासी) बायका वॉर्डात येतात, टाके पडतात आणि त्या पुन्हा त्याच घरी जातात. ‘सोडून का देत नाहीस?’ म्हटलं की गप्प बसतात. मी काय करावं? – एक वाचक

उत्तर : आधी हा प्रश्न बंद करा. विचारायचं ते एवढंच : पैसे कुणाच्या हातात आहेत, मुलं आत्ता कुणाकडे आहेत, आज रात्री झोपणार कुठे. युएंडुमूसारखी ॲबोरिजिनल वस्ती तुमच्या शहरापासून सुमारे 290 किलोमीटरवर. गाडी त्याची, घर दाटीवाटीचं, दुसरं घर मिळणं दुरापास्त.

त्यात मुलं सरकार नेईल ही भीती. ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि आजही खरी आहे. पोलिसांचंही तसंच. 2014 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात घरातल्या हिंसेची तक्रार आली म्हणून पोलीस आले आणि थकलेल्या 3,622 डॉलर दंडासाठी 22 वर्षांच्या ॲबोरिजिनल मिस ढू यांनाही घेऊन गेले. पोलिसांच्या ताब्यात असतानाच त्यांचा अंत झाला. गरिबीचा दंड असा वसूल झाला, हे त्या बायका विसरलेल्या नाहीत.

म्हणून ती बोलायला लागण्याआधीच तिला स्पष्ट सांगा : नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे तुमच्या प्रांतात, घरातल्या हिंसेतली गंभीर इजा दिसली की पोलिसांना कळवणं प्रत्येक प्रौढावर बंधनकारक आहे. नंतर कळलं तर तिला फसवल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी ती दवाखान्यातच येत नाही.

आता पैशाचं. सेंटरलिंकचा (सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयाचा) भत्ता मिळणारी किंवा त्याला पात्र असलेली बाई घर सोडते आणि हातात काही नसतं, तेव्हा ‘क्रायसिस पेमेंट’ मिळू शकतं : साधारण एका आठवड्याच्या मूळ भत्त्याइतकं. मात्र 7 दिवसांच्या आत सेंटरलिंकशी संपर्क साधायला हवा. बऱ्याचदा हे दिवस खाटेवरच सरतात. तेव्हा सोशल वर्करला वॉर्डातच बोलवा आणि फोन तिथूनच लावून द्या. वेगळं झाल्याची नोंदही त्याच फोनवर करा, नाहीतर भत्ता जोडप्याच्या कमी दराने येत राहतो. खातं मात्र आधी बदला. पैसे जुन्याच खात्यात जमा झाले तर ते त्याच्या हाती पडतात. मायगव्ह या सरकारी ऑनलाइन खात्याचा पासवर्डही त्याला ठाऊक असतो, हे धरूनच चाला.

दुभाषी म्हणून सोबतच्या नातेवाइकाला कधीही बसवू नका. ॲबोरिजिनल इंटरप्रिटर सर्व्हिसकडून मागवा, पण ती व्यक्ती तिला चालेल का हे आधी तिलाच विचारा. मोजकेच लोक बोलतात अशा भाषेत दुभाषीही नवऱ्याचा नातलग निघतो.

1800 737 732 ही हिंसाचाराची हेल्पलाइन चोवीस तास चालते. 13 92 76 या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर ॲबोरिजिनल माणसंच फोन घेतात. हे नंबर डिस्चार्जच्या कागदावर लिहून देऊ नका, तो कागद नवरा वाचतो. तिच्या बहिणीच्या किंवा मावशीच्या फोनमध्ये दुसऱ्या नावाने साठवून द्या.