काइटोसानच्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं पॉलिमर) लेपावर बसवलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम) दोन-तीन धुण्यांत का निघून जातं? (नाशिक, द्राक्षरसासाठी सेन्सर)

एन्झाइम नुसतं चिकटलंय, बांधलं गेलेलं नाही. बहुतेक गडबड लेपातच असते. १% ॲसेटिक ॲसिडमधलं १% काइटोसान प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर ५ मायक्रोलिटर टाकून वाळवलं, की आत ॲसिड उरतं. त्यामुळे अमाइन गट प्रोटॉन धरून बसतात, ग्लुटाराल्डिहाइडशी (एन्झाइमला लेपाशी बांधणारं रसायन) जोडले जात नाहीत, आणि बफरमध्ये लेपही फुगून सुटतो. म्हणून आधी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १० मिनिटं बुडवा, मग धुवणाचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा.

त्यानंतर २.५% ग्लुटाराल्डिहाइड अर्धा तास, फ्यूम हूडमध्येच. पुन्हा नीट धुवा. मोकळं राहिलेलं ग्लुटाराल्डिहाइड एन्झाइमचंच वाटोळं करतं. एन्झाइम १० मिग्रॅ/मिली, पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये, ४ अंशांवर रात्रभर, ओलसर बंद डबीत. नाशिकच्या एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलात तर थेंब वाळून कडेला कडं उमटतं आणि प्रत्येक इलेक्ट्रोड वेगळं बोलतो. ट्रिस बफर नकोच, त्याचं अमाइन सगळे अल्डिहाइड गट खाऊन टाकतं. शेवटी उरलेले अल्डिहाइड गट बंद करायला ०.१ मोलर ग्लायसिन अर्धा तास.

रस मात्र थेट घालू नका. २० ब्रिक्सच्या (म्हणजे साधारण २०% विरघळलेली साखर असलेल्या) रसात ग्लुकोज साधारण अर्धा मोलर असतं, सेन्सर काही मिलिमोलरलाच थकतो. बफरमध्ये ५०० पट पातळ करा, रसाचा आंबटपणाही मिटेल. फ्रुक्टोज यात मोजलं जात नाही, तेव्हा आकडा ब्रिक्सशी जुळवत बसू नका.