एएमटी ट्रक चढावर न्यूट्रलला जात असेल, तर क्लच उघडण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की माल भरलेला ट्रक तुळजापूरच्या घाटात दोन गिअरांमध्ये घुटमळतो, मध्येच न्यूट्रलला जातो, सपाट रस्त्यावर मात्र नीट चालतो, आणि वर्कशॉपने क्लच प्लेट व प्रेशर प्लेट बदलण्याचा खर्च हातात ठेवला आहे. आमच्या सिमेंटच्या गाडीने अगदी हाच त्रास दिला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी मेकॅनिक नाही, सोलापुरातला गाडीमालक आहे. गाडीची कंपनी आणि मॉडेल बदलले की तपशील बदलतात, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

एएमटी म्हणजे क्लच आणि गिअर ड्रायव्हरऐवजी कंट्रोलर हलवतो असा गिअरबॉक्स. गिअर बदलताना हा कंट्रोलर इंजिनाचा जोर उतरवतो, बहुतेक अवजड ट्रकांत हवेच्या दाबाने क्लच सोडवतो, आधीचा गिअर काढतो, शाफ्टचे फेरे पुढच्या गिअरशी जुळवतो आणि मगच तो बसवून क्लच जोडतो. यातले एखादे काम ठरलेल्या वेळेत झाल्याची खात्री सेन्सरकडून मिळाली नाही, तर तो न्यूट्रलमध्येच थांबतो. भरलेल्या गाडीचा वेग चढावर तेवढ्या क्षणातही पडतो, त्यामुळे सपाटीवर खपून जाणारा दोष घाटात उघडा पडतो. क्लच खरोखर घसरत असेल, तर वरच्या गिअरमध्ये जोर देताच आरपीएम चढतो, गाडीचा वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. यातले एकही लक्षण आपल्या वर्णनात नसताना क्लचचा खर्च कशाच्या आधारावर काढला, हे त्यांना जरूर विचारावे.

आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारू दिला नाही. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली, तिथे स्कॅनर लावताच पडद्यावर आलेले कोड (कंट्रोलरने नोंदलेल्या दोषांचे क्रमांक) पुसून टाकले, "आता बघू परत येतात का," असे म्हटले, आणि ते लगेच परत न आल्याने थेट क्लच उतरवला. कोड कोणते होते, ते चालू होते की जुने म्हणून नोंदलेले, किती वेळा येऊन गेले होते, यातले काहीही जॉब कार्डावर लिहिले नाही. नव्या क्लचनिशी गाडी पुन्हा त्याच घाटात न्यूट्रलला गेली. वॉरंटी पाहणाऱ्या कार्यालयाने मूळ दोषाची नोंद मागितली आणि ती नसल्यामुळे दावा फेटाळला. ज्यांनी नोंद पुसली, त्यांनीच भरलेल्या कागदांवर हा निर्णय झाला. त्यानंतर प्रत्येक फोनला "वरून उत्तर येईल" एवढेच ऐकायला मिळाले. क्लचच्या पैशांपेक्षा गाडी उभी राहिल्याचे नुकसान जास्त झाले, आणि ते कोणत्याच कागदावर येत नाही.

दोष शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनला सापडला. गिअरबॉक्सकडे जाणारी वायरिंग चासीवरच्या एका क्लिपखाली घासली होती. आवरण फाटून आतली तांब्याची तार हिरवट पडली होती आणि तिचे दोन-तीनच धागे धरून होते. चढावर पूर्ण जोर लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या माउंटिंगवर किंचित पिळतात, तेवढ्यानेच ती तार ताणली जाऊन स्पीड सेन्सरचा सिग्नल तुटत होता. सपाट फरशीवर उभ्या असलेल्या गाडीत हा दोष दिसणार तरी कसा? म्हणूनच जुने म्हणून नोंदलेले कोड मोलाचे असतात. पुसण्यापूर्वी पडद्याचा फोटो घ्यावा आणि कोड जॉब कार्डावर लिहून घ्यावेत; त्याला नकार देणाऱ्या ठिकाणी गाडी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायरिंगबरोबर हवाही पाहावी. ब्रेकच्या हवेचे काटे पूर्ण दाखवत असले तरी गिअरबॉक्सची हवा बऱ्याच ट्रकांत वेगळ्या सर्किटमधून येते, आणि तिथली गळती त्या काट्यांवर लगेच दिसेलच असे नाही. टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाणी किंवा काळपट तेल आले, तर एअर ड्रायरचे कार्ट्रिज संपले आहे किंवा कॉम्प्रेसर तेल फेकत आहे असे समजावे. ते तेल पुढे जाऊन सोलेनॉइड (हवा सोडणारे-रोखणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) चिकटवते. अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर २४ व्होल्टची बॅटरी चांगली असूनही कंट्रोलरला कमी व्होल्टेज मिळते, म्हणून व्होल्टेजची मोजणी विजेचा भार चालू असताना करावी. क्लच बदललाच, तर स्कॅनरने त्याचे नवे लर्निंग करून घ्यावे, म्हणजे नवा क्लच कुठे पकडतो ते कंट्रोलरला शिकवावे, नाहीतर नवी प्लेटही झटके देईल.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना हे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे तेलाची पातळी आणि तापमान आधी पाहतात. आणखी एक गोष्ट विषयाला धरूनच आहे: वेल्डिंगच्या करंटने कंट्रोलर बिघडू नये म्हणून बॉडीचे वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढाव्यात आणि कंपनीने सांगितले असेल तिथे कंट्रोलरचे कनेक्टरही सोडवावेत. आपल्याकडचे बॉडीवाले हे सांगितल्याशिवाय करत नाहीत.

दोष सापडेपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नये. चढावर न्यूट्रल झाली तर ब्रेकवर धरता येते, पण उतारावर झाली तर इंजिन ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही निकामी होतात आणि सगळा भार ब्रेक लायनरवर येतो.