मागचे स्पीकर बदलण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे 2006 ची हॅचबॅक आहे. मागच्या ट्रेवर 6 बाय 9 इंची दोन ओव्हल स्पीकर आहेत. डावा मध्येच बंद पडतो आणि गाडी खड्ड्यातून गेली की पुन्हा वाजतो. उजवा चालतो, पण आवाज वाढवला की फाटतो. दुकानदार नवी जोडी घ्या म्हणतो. घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लगेच घेऊ नका. दोन्ही स्पीकरची दुखणी वेगळी आहेत.

धक्क्याने आवाज येतो-जातो, म्हणजे डावीकडे कुठेतरी वायर अर्धवट टेकते आहे. स्टिरिओचा फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटणारा) आणि बॅलन्स (डावा-उजवा वाटणारा) मध्यावर आहेत ना, तेवढं आधी बघून घ्या. मग स्टिरिओ बंद करून त्याच्यामागचा सॉकेट काढा. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना हिरवी आणि हिरवी-काळी ही जोडी मागच्या डाव्या स्पीकरची असते, जांभळी आणि जांभळी-काळी उजव्याची. गाडीकडे जाणाऱ्या हिरव्या जोडीवर मल्टिमीटर 200 ओहमच्या रेंजला लावा. 4 ओहमचा स्पीकर साधारण 3 ते 4 दाखवतो. आता दुसऱ्याला मागे बसवून ट्रेजवळची पिन, सीटच्या बिजागरीजवळची वायर, दाराखालच्या पट्टीतली वायर एकेक करून हलवायला सांगा. जिथे आकडा उडेल, तिथे दोष. मीटर नसेल तर 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा; वायर आणि स्पीकर शाबूत असतील तर ‘टक’ ऐकू येतं.

हॅचबॅकचा ट्रे सारखा काढला-घातला जातो, म्हणून पिना ढिल्या होणं सर्वांत जास्त आढळतं. पिन बारीक पॉलिशपेपरने घासा, क्लिप पकडीने हलकीशी दाबा. वायर तुटली असेल तर सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप नको; सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, काचेखाली तिचा गोंद पातळ होऊन ती सुटते.

निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीच्या पत्र्याला जोडून (अर्थिंग करून) काम भागवू नका. हल्लीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. एकही बॉडीला टेकली तर स्टिरिओ आवाज बंद करतो किंवा त्याचा आयसी (आवाज वाढवणारी चिप) जळतो.

उजव्याची जाळी काढा. कोन, म्हणजे स्पीकरचा थरथरणारा पडदा, दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबा. खरखर घासल्यासारखं लागलं तर आतली कॉइल गेली. कडेचा फोम उन्हाने चुरला असेल तर रीकोनिंग (कोन-फोम नवे बसवणं) होतं, पण साध्या स्पीकरवर तो खर्च वसूल होत नाही. तेव्हा जोडीच बदला, म्हणजे दोन्हीकडचा आवाज सारखा राहील. घेताना खोक्यावरचे 400-500 वॉट विसरा. स्टिरिओवर 50 वॉट लिहिलेले असले, तरी सलग मिळतात साधारण विसाच्या आतबाहेर. 4 ओहम आणि 90 डेसिबल किंवा जास्त सेन्सिटिव्हिटी (कमी वॉटमध्ये किती मोठा आवाज निघतो ते) बघून घ्या. बसवताना रंगीत वायर प्लसला, काळ्या पट्ट्याची मायनसला. एकीकडे उलटी लागली तर बास नाहीसा होतो.