मुलाचा ‘प्रकार’ नको, अडलेलं अक्षर सांगा

या महिन्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांत तोच गोंधळ आहे. मूल वाचत नाही, आणि घरातले सगळे ते ‘कुठल्या प्रकारचं’ आहे याच्या शोधात. प्रत्येकाला तेच लिहून लिहून हात दुखला, म्हणून उत्तरं इथे एकत्र देते आहे.

मुलगी पहिलीत आहे, डाव्या हाताने लिहिते. सासूबाई पेन्सिल काढून उजव्या हातात देतात. सवय मोडावी का? (एक आई, सांगली)

नाही. शाळेत फक्त बाकाच्या डाव्या कडेला बसवायला सांगा, म्हणजे शेजारच्याचं कोपर लागणार नाही.

मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. ‘घर’ला ‘धर’ वाचतो, चित्र बघून अंदाजाने पुढचा शब्द ठोकून देतो, जोडाक्षर आलं की गप्प. तोंडी विचारलं तर सगळं येतं. बाई म्हणतात, मुलगे उशिरा शिकतात, पाचवीपर्यंत येईल. थांबावं का? (पालक, नाशिक)

थांबू नका. ‘येईल हळूहळू’ या दोन शब्दांनी जेवढी मुलं मागे पडली, तेवढी कुठल्याही आजाराने पडली नसतील.

आधी डोळे आणि कान तपासा. हसू नका, अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडण्याच्या) शंकेने आलेल्या मुलाला नुसता चष्मा लागल्याचं मी पाहिलं आहे. मग चित्र नसलेला, दहा-बारा ओळींचा मजकूर वाचायला द्या आणि चुका जशाच्या तशा लिहून ठेवा. घ-ध, भ-म, थ-य या सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत गफलत आहे, की वेलांट्या गळताहेत, की फक्त ‘र’ फसवतोय? आपला ‘र’ मोठा बहुरूपी. ‘राम’मध्ये एक, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाशी, ‘सुऱ्या’त आणखी वेगळा. एवढंच अडलं असेल तर ते शिकवायचं राहून गेलंय आणि नीट शिकवलं की भरून निघतं. पण रोज घोटूनही कालचं अक्षर आज अनोळखी वाटत असेल, तर तपासणी हवी. ती बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून करतात. पत्रावरून निदान मी करत नाही, कुणी करत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी देत नाहीत. मात्र मदत सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही.

अबॅकस लावलं तर वाचन सुधारेल का? (पालक, ठाणे)

नाही.

एका संस्थेने शाळेत येऊन मुलांच्या बोटांचे ठसे घेतले. आमची मुलगी (चौथी) ‘कृतीतून शिकणारी’ आहे, तिला वाचायला लावू नका, असा चाळीस पानी रंगीत अहवाल आला. आता त्यानुसार शिकवायचं पॅकेज घ्या म्हणतात, अठरा हजार रुपये. घ्यावं का? (वडील, पिंपरी)

पैसे बँकेत ठेवा. आता जरा बसा, कारण हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळतोय.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, गरोदरपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत उमटतात आणि पुढे बदलत नाहीत. विकणारे म्हणतात, मेंदूही त्याच काळात घडतो, म्हणजे ठशात मेंदू दिसतो. अहो, मूत्रपिंडंही त्याच काळात घडतात. ठशांवरून ती कुणी तपासतं का? भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, २०१९ मध्ये या ठसे-चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. अहवाल मात्र छापले जातच आहेत, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य प्रत्येक मुलाला लागू पडतं. शेजारच्या मुलाचा अहवाल मागून आणा आणि आपल्या मुलीचं नाव घालून वाचा.

आता त्या ‘प्रकारा’बद्दल. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने, हे वर्गीकरण न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्यामुळे १९९० च्या दशकात फार पसरलं. मुलांना आवडीनिवडी असतात, ते खरंच. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकतात का? २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळून पाहिलं. तसं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. भूगोलाला नकाशा लागतो, कवितेला कान लागतो, ते सगळ्यांनाच. पद्धत विषयावरून ठरते आणि मूल नेमकं कुठे अडलंय त्यावरून ठरते.

ताटात रवा पसरून बोटाने ‘भ’ गिरवायचा, गिरवताना मोठ्याने म्हणायचा, मग डोळे मिटून पुन्हा काढायचा, हे मीही करून घेते. हात, कान, डोळे एकाच वेळी कामाला लावायचे. वाचनात अडलेल्या मुलांसाठी ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी बसवलेल्या पद्धतीचा हाच गाभा. त्यात वाचणं टाळायचं नसतं, उलट वाचनच थोडं थोडं, क्रमाने, रोज करायचं असतं. तुमच्या अहवालातलं सर्वांत घातक वाक्य ‘वाचायला लावू नका’ हे आहे. जिला वाचन जड जातं तिलाच वाचनाची सुट्टी! दोन वर्षांनी पॅकेज संपेल आणि मुलगी सहावीत ‘ध’पाशी उभी असेल.

खरोखर मदत हवी असेल तर विशेष शिक्षक गाठा आणि अशा शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विचारायला लाजू नका. नोंदणी असलेला माणूस रागावत नाही.

मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतो. पटावर ४२ मुलं. प्रत्येकाला वेगळं शिकवा म्हणणं सोपं आहे हो. करायचं कसं? (शिक्षक, बीड)

बरोबर आहे, गुरुजी. ४२ योजना कुणीच चालवू शकत नाही. चार मात्र चालवता येतात.

एका आठवड्यात प्रत्येक मुलाला तीन-चार मिनिटं एकट्याने वाचायला लावा. कुणी अक्षरावर आहे, कुणी शब्दावर, कुणी परिच्छेदावर, कुणी सरळ गोष्ट वाचतंय, एवढंच नोंदवा. रोज तास-दीड तास इयत्ता विसरून या चार गटांत बसवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन गट बदला. ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे. त्याआधी २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे राहिलेल्या मुलांना रोज दोन तास वस्तीतलीच एखादी तरुणी, ‘बालसखी’, वेगळं शिकवायची, आणि तिथे मुलांचे गुण वाढलेले दिसले. त्या बालसखीकडे ठसे घ्यायचं यंत्र नव्हतं. मुलाची अडचण बघून शाळा बदलणं आपल्याकडे जुनंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला होत्या, तिथली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच रानात गेली. तिला कुरणशाळा म्हणत.

गटांना नावं द्याल ती पक्ष्यांची, झाडांची द्या. ‘ढ गट’ हा शब्द स्टाफरूममध्येसुद्धा नको, तो भिंतीतून ऐकू जातो. आणि दोन-अडीच महिन्यांनीही जे मूल अक्षरावरच आहे, त्याचं नाव तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. ते काम तुमच्या एकट्याचं नाही.

इंग्रजी माध्यमातून मराठीत घातलं तर अडचण जाईल का? (पालक, कोल्हापूर)

घरची भाषा असली तर ओझं कमी होतं. अक्षमता असेल तर ती माध्यम बदलल्याने जात नाही. आधी तपासणी, मग निर्णय. दाखला काढून झाल्यावर मला विचारू नका.

मुलगा दहावीत. लहानपणापासून लिखाण कच्चं. आता कळलं की सवलती मिळतात. बोर्डाचा फॉर्म भरून झालाय. काय करू? (आई, डोंबिवली)

‘लहानपणापासून’ लिहिलंत, आणि पत्र दहावीत आलं. बोलून उपयोग नाही, तरी बोलते. महाराष्ट्रात या सवलती १९९६ पासून आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता ही दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक आहे. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक आणि गरजेप्रमाणे इतर मुभा मिळू शकते, पण सरकारी वा पालिका रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर. मुंबईत शीव, केईएम, नायर इथे तपासणी होते आणि रांग लांब असते.

उद्याच मुख्याध्यापकांना भेटा. सवलतीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, फॉर्म भरल्यावर काय करता येईल ते मंडळालाच विचारा. शाळेचं शिफारसपत्र, मागच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि मुलाच्या दोन-तीन वह्या सोबत घेऊन रुग्णालयात नाव नोंदवा. वह्या नीटनेटक्या करून नेऊ नका, चुका असलेल्याच न्या.